रक्ताच्या कर्करोगात शेक चालू असताना: क्वचित होणारे, पण थांबायला वेळ न देणारे त्रास कसे ओळखायचे

रक्ताच्या कर्करोगात दिला जाणारा शेक, म्हणजे रेडिओथेरपी, घशाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगापेक्षा सहसा कमी डोसचा आणि कमी दिवसांचा असतो. त्यामुळे घरचे निश्चिंत होतात. पण या रुग्णांचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, बहुधा आधीच खाली गेलेले असतात, केमो नुकतीच झालेली असते किंवा चालू असते, आणि यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं त्या औषधांनी थकलेली असतात. म्हणून इथले गंभीर त्रास क्वचित होतात, पण झाले की तासांचा हिशेब असतो. आणि ते पहिल्यांदा दिसतात ते डॉक्टरांना नव्हे, उशाशी बसलेल्या माणसाला. हा लेख त्या माणसासाठी आहे.

एक भीती आधीच बाजूला ठेवा. मशीनमधून बाहेरून दिलेल्या किरणांनी रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. त्याला जवळ घ्या, त्याच्या शेजारी झोपा, पोराला मांडीवर घ्या. अंतर पाळायचं ते सर्दी-खोकला झालेल्या माणसांपासून.

पायरी १: शेक कुठे आणि कशासाठी, हे नीट विचारून घ्या

पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. ‘ब्लड कॅन्सरसाठी लाईट’ एवढं पुरेसं नाही. ढोबळमानाने पाच प्रकार असतात.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या, म्हणजे हाडांमधला रक्त बनवणारा गर (मॅरो) बदलण्याच्या, आधी संपूर्ण शरीराला शेक देतात. १२ ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक), सहा भागांत, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, ही त्याची सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत. ई. डॉनल थॉमस यांना मॅरो प्रत्यारोपणासाठी १९९० साली नोबेल मिळालं, त्यांच्या कामात हा शेक पायाभूत होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली देशातलं पहिलं मॅरो प्रत्यारोपण झालं. आज नवी औषधं आली तरी हा शेक मागे पडलेला नाही. चार वर्षांवरच्या मुलांमधल्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियासाठी (ल्युकेमिया म्हणजे मॅरोत सुरू होणारा रक्तपेशींचा कर्करोग) ‘फोरम’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली छापून आले. त्यात पूर्ण शरीराचा शेक घेतलेल्या गटात दोन वर्षांनी ९१ टक्के मुलं हयात होती, नुसत्या केमोने तयारी केलेल्या गटात ७५ टक्के. त्रासांबद्दल वाचताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. आपण हा शेक उगाच घेत नाही.

बाकीचे चार: ल्युकेमिया मेंदूच्या आवरणात गेला असेल किंवा जाण्याचा धोका असेल तर डोक्याला, लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, गाठींच्या जागी, मायलोमात, म्हणजे मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात, दुखणाऱ्या हाडाला किंवा कण्याला, आणि प्लीहा, म्हणजे पानथरी, प्रचंड वाढली असेल तर तिला.

पायरी २: पहिल्या दिवसाच्या आधी या गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाला

चालू असलेल्या औषधांची पूर्ण यादी द्या, आणि पूर्ण म्हणजे काढे, चूर्णं, भस्मंसुद्धा. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा रस कितीतरी घरांत गुपचूप चालू असतो. कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले आहेत. ट्रान्सप्लांटच्या शेकानंतर यकृतच नाजूक असतं. तेव्हा लपवू नका, बंद करा आणि सांगा. कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी ऐकून घ्या.

रुग्ण उताणा झोपू शकतो का, हेही सांगा. झोपल्यावर धाप लागत असेल, रात्री दोन-तीन उशा लागत असतील, चेहरा किंवा मान सकाळी सुजलेली दिसत असेल, तर छातीत मोठी गाठ असण्याची शक्यता असते आणि शेकाची तयारी वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

तिसरी गोष्ट रक्ताची. ट्रान्सप्लांटचे आणि हॉजकिन लिम्फोमाचे रुग्ण यांना लाल पेशी किंवा प्लेटलेट चढवायच्या असतील तर ती पिशवी आधी किरण दिलेली असावी लागते. तिला साधारण २५ ग्रे देतात, म्हणजे दात्याच्या लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या, पेशी निष्क्रिय होतात. त्या जिवंत राहिल्या तर रुग्णाच्या शरीरावरच हल्ला चढवू शकतात: ताप, अंगावर पुरळ, जुलाब, कावीळ आणि मग मॅरो बंद पडणं. हे फार दुर्मीळ आहे, पण झालं तर रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य. आपल्याकडे भाऊ, मुलगा, काका रक्त द्यायला धावत येतात. भावना खरी आहे, पण सख्ख्या नात्यातल्या रक्तानेच हा धोका वाढतो, कारण शरीराला ते परकं म्हणून ओळखता येत नाही. गावातल्या दवाखान्यात रक्त चढवायची वेळ आली तर ‘पिशवी किरण दिलेली आहे का?’ हा प्रश्न विचारायचाच. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पायरी ३: वही घाला

महागडं काही लागत नाही. डिजिटल थर्मामीटर, वजनकाटा, मापाचं भांडं, रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि शाळेची वही. रोज त्याच वेळी, त्याच कपड्यांत, सकाळी लघवी झाल्यावर आणि नाश्त्याच्या आधी वजन. ताप सकाळ-संध्याकाळ, आणि अंग गरम लागलं की लगेच. तापमान काखेत किंवा तोंडात घ्यायचं, गुदद्वारातून नाही. चोवीस तासांची लघवी मापून. वहीचं पान असं दिसावं:

‘मंगळवार. सकाळी ७. वजन ५१.२ (काल ५०.४). ताप ९८.८. लघवी कालची ११०० मिली. दोनदा उलटी. उजव्या बरगडीखाली जड वाटतंय म्हणाला.’

एवढ्या तीन ओळींवर डॉक्टर यकृताच्या तपासण्या सांगू शकतात. ‘कालपासून बरं नाही’ यावरून कुणालाच काही सुचत नाही.

पायरी ४: पहिल्या दोन-तीन दिवसांतले त्रास

संपूर्ण शरीराच्या शेकात मळमळ, थकवा, तोंड कोरडं पडणं, अंग लालसर होणं, पुढे जुलाब आणि तोंड येणं हे अपेक्षितच आहे. उलटीचं औषध शेकाच्या आधीच देतात.

पण एक त्रास घरच्यांना हमखास घाबरवतो. पहिल्या शेकाच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गाल कानापासून जबड्यापर्यंत सुजतात आणि तोंड उघडायला दुखतं. एका आईने मला मुलाचे फुगलेले गाल दाखवत विचारलं होतं, ‘गालगुंड झाले का हो? आता ट्रान्सप्लांट पुढे ढकलणार?’ ते गालगुंड नव्हते. लाळेच्या ग्रंथी किरणांना फार लवकर प्रतिसाद देतात आणि त्यांना तात्पुरती सूज येते. ती एक-दोन दिवसांत, कधी थोडी जास्त वेळ घेऊन, आपोआप उतरते. थंड पट्टी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं वेदनाशामक पुरतं. या दिवसांत रक्तातलं अमायलेज (लाळग्रंथी आणि स्वादुपिंड दोन्हींत बनणारं एन्झाइम) खूप वाढलेलं दिसतं आणि स्वादुपिंडाला सूज आली की काय अशी शंका येते. पोट दुखत नसेल आणि लायपेज, म्हणजे मुख्यतः स्वादुपिंडातलं एन्झाइम, ठीक असेल तर ते बहुधा लाळग्रंथींचंच असतं. मात्र पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी जबर कळ आली तर सांगा, कारण स्वादुपिंडाला सूज येणंही क्वचित घडतं.

सूज एकाच बाजूला असेल, कातडी लाल-गरम असेल आणि तापही असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. ते थांबण्यासारखं प्रकरण नाही.

पायरी ५: पेशी एकदम फुटल्या तर

ल्युकेमिया आणि काही लिम्फोमा किरणांना इतके नाजूक असतात की शेक लागताच पेशी मोठ्या संख्येने फुटतात. आतलं पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक अॅसिड रक्तात येतं, कॅल्शियम खाली जातं, मूत्रपिंडं तुंबतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. केमोनंतर हे जास्त दिसतं, नुसत्या शेकाने क्वचित. पण मोठी गाठ, खूप वाढलेली पानथरी किंवा फार चढलेल्या पांढऱ्या पेशी असतील तर शक्यता धरूनच चालावं. बहुतेक वेळा उपचार सुरू झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत.

तुम्हाला काय दिसेल? लघवी एकदम कमी होणं. हातापायांत गोळे, ओठांभोवती मुंग्या, छातीत धडधड, घेरी, विचित्र अशक्तपणा. मोठ्या माणसाला सहा तासांत लघवीच झाली नसेल तर सकाळची वाट पाहू नका.

प्रतिबंध सोपा आहे: भरपूर सलाईन आणि युरिक अॅसिड आवरणारं औषध अॅलोप्युरिनॉल. धोका जास्त असेल तर रासब्युरिकेज, पण जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना ते चालत नाही, म्हणून आधी तपासणी. या दिवसांत शहाळं आणि केळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळी घेऊन येतो, आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. एरवी चांगलं, पण या तीन दिवसांत घातक ठरू शकतं.

पायरी ६: छातीतली गाठ आणि श्वास

टी-सेल (लिम्फोसाइटचा एक प्रकार) ल्युकेमिया आणि लिम्फोमात छातीच्या मधोमध मोठी गाठ असू शकते. शेकाने ती झपाट्याने विरघळते, पण क्वचित पहिल्या एक-दोन दिवसांत आधी थोडी सुजते. श्वासनलिका आधीच दबलेली असेल तर तेवढंही पुष्कळ होतं. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज, बोलताना वाक्य तुटणं, चेहरा निळसर-लाल होणं, मानेच्या शिरा फुगणं दिसलं तर रुग्णाला आडवं करू नका. बसवा, पुढे झुकवा आणि थेट आपत्कालीन विभागात न्या. महाराष्ट्रात १०८ वर फोन करून ‘श्वास अडकतोय’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

पायरी ७: डोक्याला शेक

लहान मुलांमध्ये हा डोस हल्ली बहुधा १२ ते १८ ग्रेच्या घरात असतो. पूर्वी तो जास्त असे. सुरुवातीच्या दिवसांत मेंदूला थोडी सूज येऊन डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि स्टेरॉइडने ते बहुधा आवरतं. वाढती डोकेदुखी, सकाळच्या उसळत्या उलट्या, दोन-दोन दिसणं, आकडी किंवा बोलण्यात घोळ झाला तर लगेच दाखवा. प्लेटलेट कमी असताना डोकं जोरात दुखलं तर आत रक्तस्राव नाही ना, हे आधी पाहावं लागतं.

स्टेरॉइड बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नाही. एकदम थांबवलं तर रक्तदाब घसरतो आणि रुग्ण गळून जातो, आणि सगळे त्याला शेकाचा थकवा समजत राहतात.

इथे एक उशिराचा त्रास सांगायलाच हवा. शेक संपून चार ते आठ आठवडे झाले की काही मुलं अचानक झोपाळू होतात. जेवताना डोळे मिटतात, दिवसाचे बहुतेक तास अंथरुणात, थोडा ताप, चिडचिड. घरच्यांना वाटतं, रोग परत आला. पुष्कळदा ही शेकानंतरची झोपाळू अवस्था असते आणि काही आठवड्यांत आपोआप जाते. पण हे नाव द्यायचा अधिकार डॉक्टरांचा, कारण मेंदूतला संसर्ग, मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचा मेंदूवरचा परिणाम आणि रोगाचं परत येणं, हे तिन्ही असेच दिसू शकतात. हाक मारल्यावर मूल उठतं का, ओळखतं का, नीट बोलतं का, हे पाहा. उठत नसेल तर ती झोप नाही.

पायरी ८: मायलोमात कण्याला शेक

एकच ८ ग्रेचा शेक, किंवा पाच दिवसांत २० ग्रे, अशा पद्धती इथे वापरतात. पहिल्या काही दिवसांत दुखणं आधी वाढू शकतं आणि दोन-एक दिवसांत ओसरतं. हे अपेक्षित. पायातली ताकद जाणं मात्र अपेक्षित नाही. म्हणून रोज एक छोटी तपासणी करा: रुग्ण उभा राहू शकत असेल तर भिंतीचा आधार घेऊन चवड्यांवर, मग टाचांवर उभं राहायला सांगा. काल जमलं आणि आज नाही, खुर्चीतून उठताना हात लावावे लागतात, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिर वाटतं, लघवी अडकते किंवा नकळत होते, यांपैकी काहीही दिसलं तर मज्जारज्जू दबतोय असं समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाय पूर्ण लुळे पडल्यावर आलेल्या रुग्णाची चाल परत येणं फार अवघड असतं. मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते इथे, कारण हे नुकसान बहुधा टाळता येण्यासारखं असतं.

दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका. मायलोमात मूत्रपिंडं आधीच संकटात असतात. आणि तहान फार लागणं, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा एकत्र दिसले तर रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगा.

पायरी ९: पानथरी आणि पोट

पानथरीला शेक देताना एका वेळचा डोस अगदी लहान असतो, १ ग्रे किंवा त्याहूनही कमी. तरी काउंट धाडकन खाली येऊ शकतात. म्हणून प्रत्येक शेकाआधी रक्ततपासणी. रिपोर्ट न पाहता मशीनवर घेत असतील तर विनम्रपणे, पण ठामपणे विचारा. जठराच्या किंवा आतड्याच्या लिम्फोमात गाठ विरघळताना त्या जागी क्वचित रक्तस्राव होतो किंवा छिद्र पडतं. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, किंवा पोट लाकडासारखं कडक होऊन असह्य दुखणं ही शस्त्रक्रियेच्या टेबलाची लक्षणं आहेत. तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, आणि निघा.

पायरी १०: ट्रान्सप्लांटनंतर यकृत आणि फुप्फुसं

शेक आणि केमोमुळे यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद पडू लागल्या की पोटात पाणी साठतं. हे बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांत होतं. याची पहिली खूण पुष्कळदा वजनकाट्यावर दिसते, कावीळ मागून येते. ५० किलोच्या माणसाचं वजन, जेवण जात नसतानाही, किलोभराने वाढलं तर त्याच दिवशी सांगा. अडीच किलो वाढेपर्यंत थांबायचं नाही. सोबत उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे, चढवलेल्या प्लेटलेट न टिकणं, हे डॉक्टर जोडून पाहतील. अर्सोडिऑक्सीकोलिक अॅसिडच्या गोळ्या यासाठीच आधीपासून देतात, त्या चुकवू नका. डिफायब्रोटाइड हे औषध महाग आहे, पण लवकर सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं.

फुप्फुसांना पूर्ण शरीराच्या शेकात झाकण लावून किंवा डोस आखून वाचवतात, तरी काहींना पुढच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत सूज येते: कोरडा खोकला, जिना चढताना धाप, बारीक ताप. शांत बसलेलं असताना ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवत असेल, किंवा खोलीत चालून आल्यावर आकडा तीन-चारने उतरत असेल, तर खोकल्याचं औषध घेऊन वाट पाहू नका. संसर्ग आणि किरणांची सूज यांचे उपचार वेगवेगळे आहेत आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

पायरी ११: ताप, आणि रात्रीचा फोन

शेकाने स्वतःहून ताप येऊ शकतो, हे खरं आहे. पण काउंट खाली असताना हा निष्कर्ष घरी काढायचा नाही. १००.४ फॅरनहाइट दिसलं की फोन आणि प्रवास, दोन्ही एकत्र सुरू करा. रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असा नियम आहे. फोन करण्याआधी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवू नका. आकडा लपतो, संसर्ग तसाच राहतो.

रात्री फोन उचलणारा डॉक्टर तुमच्या रुग्णाला ओळखत नसण्याची शक्यता जास्त. तेव्हा या क्रमाने बोला: आजार, शेक कुठल्या भागाला, कितवा दिवस, शेवटची केमो कधी, शेवटचे काउंट, आत्ताचा त्रास किती वेळापासून, आणि वहीतले तीन आकडे. ‘साहेब, तिला टी-सेल ल्युकेमिया आहे, पूर्ण शरीराचा शेक संपून नऊ दिवस झाले, ताप १०१, कालपासून वजन ८०० ग्रॅम वाढलंय, ऑक्सिजन ९६.’ वीस सेकंदांत समोरचा माणूस जागा होतो. हे वाक्य आधीच लिहून भिंतीला चिकटवा, आकडे तेवढे बदला. गावाहून आलेले असाल तर या काळात मुक्काम रुग्णालयाच्या जवळच असू द्या. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांचा आधार आहे. समाजसेवा विभागात चौकशी केली की अशा इतर जागाही कळतात.

पायरी १२: शेक संपल्यावरचा कागद

घरी जाताना सारांशपत्र मागून घ्या. त्यात शरीराचा भाग, एकूण ग्रे, किती भागांत, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, हे लिहिलेलं हवं. पुढे आठवड्यांनी, कधी वर्षांनी, नवी केमो सुरू झाली की जुन्या शेकाच्या जागीच कातडी पुन्हा लाल होऊन सोलवटते, असं क्वचित घडतं. डॉक्सोरुबिसिन आणि मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधांबाबत हे माहीत आहे. लालीच्या कडा जुन्या चौकटीशी तंतोतंत जुळतात, आणि हा कागद हातात असेल तर ते ॲलर्जीपासून वेगळं ओळखता येतं. एक प्रत फाइलमध्ये, एक फोनमध्ये, आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा.